मॅजिक: द गॅदरिंगमधल्या टोकन डेकला 'बिनडोक' म्हणणाऱ्यांसाठी, एकदाच

हळकुंड
"टोकन डेक म्हणजे बिनडोक डेक. चार मानाचा क्रेन्को टाकायचा आणि पोत्यानं गॉब्लिन ओतायचे. रविवारच्या टेबलावर बंदी घाला." कृष्णाकाठ, तुझी ही पोस्ट काल जेवताना वाचली आणि घास घशात अडकला. म्हणून आज जरा लांबड लावतो. नव्यांसाठी एवढंच: मॅजिक हा पत्त्यांचा खेळ, डेक म्हणजे आपापला पत्त्यांचा संच, माना म्हणजे पत्ता खेळायची किंमत, आणि टोकन म्हणजे एखाद्या पत्त्याच्या जोरावर टेबलावर मांडलेली खूण, बहुतेकदा क्रिएचर, म्हणजे लढणारा प्राणी.

क्रेन्को हा स्वतःही गॉब्लिन; टॅप केला, म्हणजे वापरून आडवा केला, की आपल्याकडे जितके गॉब्लिन तितकी टोकन देतो. पण उतरतो त्या टर्नला (पाळीला) टॅप होत नाही. पुढच्या टर्नला एकटाच गॉब्लिन, म्हणून टोकनही एकच. मग दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. म्हणजे सोळा व्हायला तो चार वेळा टॅप व्हावा लागतो. तोवर तू काय करत होतास लगा? क्रेन्को 3/3 आहे, म्हणजे तीन डॅमेज बसले की मेला, आणि लाइटनिंग बोल्ट एका लाल मानात तीन डॅमेज देतो. गेल्या रविवारी तुझ्या हातात बोल्ट होता, डाव संपल्यावर तूच दाखवलास. "मोठ्या क्रिएचरसाठी राखून ठेवला होता" म्हणे!

डोकं कुठं लागतं ते ऐक. किती उतरवायचे आणि किती हातात दाबून ठेवायचे, तिथं लागतं. हाव केली की समोरचा दोन मानाचा पायरोक्लाझम टाकतो, सगळ्यांना दोन-दोन डॅमेज, अंगण झाडून स्वच्छ. रेज द अलार्म मी माझ्या टर्नला सहसा टाकत नाही. समोरच्याचा टर्न संपता संपता दोन सोल्जर उतरवतो, म्हणजे माझ्या टर्नला ते लगेच हल्ल्याला मोकळे. नाहीतर ब्लॉकला तयार ठेवतो. याला बिनडोक म्हणायचं असेल तर म्हण.

कृष्णाकाठ
वाचलं. बोल्टचं चुकलं, झालं समाधान? पण टोकन दुप्पट करणारे डब्लिंग सीझन आणि अनॉइंटेड प्रोसेशन दोन्ही मांडून दोनाचे आठ करतोस त्यात कसलं डोकं? आणि मी मध्ये उत्तर द्यायला गेलो तर "स्टॅकवर, म्हणजे लागू व्हायच्या रांगेत, काही नाहीच" म्हणून हात झटकलेस.

मिरजेचा_तंबोरा
स्टॅकवर खरंच काही नसतं. तो ट्रिगर, म्हणजे रांगेत लागणारा परिणाम, नाहीच, टोकन तयार होतानाच आकडा बदलतो. उत्तर द्यायचं तर टोकन करणाऱ्या स्पेलला द्या, नाहीतर प्रोसेशन उतरायच्या आधी काउंटर करा, म्हणजे रद्द करा. डब्लिंग सीझन 2005 सालचं कार्ड आहे, अजून दर रविवारी हाच वाद.

माझी तक्रार वेगळी आहे. हळकुंड टोकन म्हणून भडंगातले शेंगदाणे मांडतो. माझ्या पत्त्यांच्या स्लीव्हवर अजून तिखटाचे डाग आहेत. आणि कुठला दाणा टॅप झालाय, कुठला नाही, ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

तासगावकर
म्हणूनच मी बेदाणे आणतो. हिरवा म्हणजे अनटॅप, काळा म्हणजे टॅप. घरचा माल आहे.

मिरजेचा_तंबोरा
घरचा माल घरी ठेव. एप्रिलात चिकटून त्याचा गोळा होतो. आणि मागच्या वेळी अकरा गॉब्लिननं हल्ला सांगितलास, बोर्डवर बेदाणे नऊ. दोन तुझा पुतण्या चघळत होता!

तासगावकर
पोरगं पाच वर्षांचं आहे, त्याला काय कळतंय. अकरा होते हे सगळ्यांनी मोजलं होतं.

मिरजेचा_तंबोरा
मी मोजले नव्हते. खाल्लेलं टोकन टोकन नसतं.

हळकुंड
भडंगाला नावं ठेवू नका हां. मी दाणे पुसून घेतो.

मिरजेचा_तंबोरा
कशाला? पँटला!

सातारचा_पाहुणा
हे मॅजिकचं चाललंय की मार्केट यार्डाचं? मुद्द्यावर या. टोकनवाले ब्लड आर्टिस्ट लावून एकेक टोकन मारतात आणि लाइफ ओढतात, ते मुळातच चूक आहे. टोकन ग्रेव्हयार्डात, म्हणजे मेलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यात, जातच नाही, मग मेलं कसं?

मिरजेचा_तंबोरा
जातं. आधी ग्रेव्हयार्डात जातं, मग नाहीसं होतं. त्यामुळे ते मेलंच, आणि ब्लड आर्टिस्ट चालतो. हातात परत पाठवलं तर मात्र मरत नाही, नुसतं गायब.

सातारचा_पाहुणा
आमच्याकडे ग्रेव्हयार्डात जाणारं खेळाबाहेर टाकणारं लेलाइन ऑफ द व्हॉइड असलं की चालत नाही. तीन वर्षं असंच खेळतोय.

मिरजेचा_तंबोरा
तीन वर्षं चुकीचं खेळताय पाहुणे. लेलाइनवर 'कार्ड' लिहिलंय, टोकन हे कार्ड नव्हे. तसल्याच रेस्ट इन पीसवर 'कार्ड किंवा टोकन' आहे, तिथं तुमचं बरोबर.

सातारचा_पाहुणा
वा. एका शब्दासाठी तीन वर्षं पाण्यात. बरोबर आहे तुमचं, घ्या, कंदी पेढे पाठवून देतो.

कृष्णाकाठ
मला टोकनचा राग का, ते कुणी विचारलंच नाही. ऑगस्ट 2019. गावभागात आमच्या घरात पाणी शिरलं. डेक सगळे खालच्या ट्रंकेत होते, कमांडर या खेळप्रकाराचे दोन, आणि भावानं पाठवलेला एक जुना. बूस्टरमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या बंद पाकिटात, येणारी टोकन कार्डं फुकटची म्हणून बुटाच्या खोक्यात माळ्यावर फेकलेली. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर पत्त्यांची वीट झाली होती. वर माळ्यावर साठ-सत्तर गॉब्लिन, सोल्जर आणि एक ट्रेझर, कोरडे ठणठणीत. बघूनच डोकं फिरलं.

तासगावकर
आरं... हे आधी का नाही बोललास.

हळकुंड
वाईट वाटलं भावा. पण ती कार्डं अजून आहेत ना? मग मी शेंगदाणे कशाला मांडतोय दोन वर्षं?

कृष्णाकाठ
तुला? टोकन खेळायला? माझ्याकडून?

बरं, बंदी सोडतो, ती मागितली तेव्हा मी तापलेला होतो. पण रॅचेट बॉम्ब घालून येणार. एकही काउंटर, म्हणजे मोजणीची खूण, न लावता फोडला की ज्यांची माना व्हॅल्यू, म्हणजे पत्त्याची माना-किंमत, शून्य ते (माना देणारे लँड सोडून) सगळे साफ, आणि साध्या टोकनची शून्यच असते.

हळकुंड
घाल की. तुझी माना व्हॅल्यू शून्यची कार्डंही उडतील एवढं ध्यानात ठेव. आणि कॉपी म्हणून केलेलं टोकन वाचतं, त्याला मूळ कार्डाची किंमत लागते. मी तसली टोकन करणारी कार्डं घालतोच असं नाही, पण घालू शकतो.

मिरजेचा_तंबोरा
कृष्णाकाठ खोकं आणणार नसेल तर शेंगदाणे, बेदाणे दोन्ही बंद. माझ्याकडे कॅरमच्या सोंगट्या आहेत. पांढरी म्हणजे अनटॅप, काळी म्हणजे टॅप. नऊ-नऊ आहेत.

तासगावकर
आणि नऊच्या वर गॉब्लिन गेले तर?

कृष्णाकाठ
नऊच्या वर जाऊ दिले तर बोल्ट परत माझ्याच हातात राहिला असेल. खोकं आणतो.