भारक्षमता आधी, इंजिन त्यानंतर

सुमारे १०,००० पौंडांचा ट्रेलर ओढण्यासाठी २००५ चा जुना फोर्ड एफ-२५० डिझेल पिकअप ट्रक घ्यावा का, या प्रश्नावर आतापर्यंत ओढण्याच्या क्षमतेचीच चर्चा झाली आहे. माझ्या मते चालकाच्या दाराच्या चौकटीवर नोंदवलेले कमाल एकूण वजन आधी वाचावे आणि रिकामी गाडी वजनकाट्यावर नेऊन त्यातून तिचे वजन वजा करावे; उरते ती भारक्षमता, म्हणजे गाडीवर एकूण किती भार टाकता येईल ते. साध्या ट्रेलरचा १० ते १५ टक्के भार हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) येतो, म्हणजे येथे १,००० ते १,५०० पौंड. त्यात कुटुंब आणि सामान मिळवले की, जड डिझेल इंजिनामुळे मुळातच कमी उरलेली भारक्षमता फार लवकर संपते.

इंजिनाबाबत मात्र मी आग्रहाने सांगेन. त्या वर्षीच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोक या डिझेल इंजिनात तेल थंड करणारा ऑइल कूलर तुंबला की ईजीआर कूलरला (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणाऱ्या भागाला) पुरेसे कूलंट, म्हणजे थंड ठेवणारा द्रव, मिळत नाही, तो फुटतो आणि पुढे हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलपर्यंत) खर्च पोहोचतो. म्हणून इंजिन पूर्ण तापल्यावर महामार्गावर एकसारख्या वेगाने गाडी चालवून तेल व कूलंट यांच्या तापमानांतील फरक गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर पाहावा. तो १५ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त राहत असेल, तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा केल्याशिवाय व्यवहार करू नये.