मदत हवी आहे : साहित्यिकाच्या घरातील निवासी अभ्यासवृत्तीविषयी

नमस्कार. सोलापुरातील गिरणी व हातमाग कामगारांच्या मराठी, तेलुगू आणि कन्नड गीतांचा मी अभ्यास करीत आहे. जर्मन कादंबरीकार थॉमस मान १९४२ ते १९५२ या काळात लॉस एंजेलिसमधील ज्या घरात राहिले, ते जर्मन सरकारने २०१६ मध्ये विकत घेतले आणि २०१८ पासून तेथे अभ्यासक वृत्तीवर राहून काम करतात. लेखकाचे स्मारक तसबिरी आणि कुलूपबंद कपाटांपुरते न उरता असे नांदते राहावे, हे मला फार मोलाचे वाटते. महाराष्ट्रात किंवा शेजारच्या कर्नाटकात एखाद्या साहित्यिकाच्या घरी महिनाभर राहून लिहिण्याची अशी सोय आहे का? अर्ज मराठीतून चालतो का, आणि विद्यापीठाशी संलग्न नसलेल्या अभ्यासकाने शिफारसपत्र कोणाचे जोडावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर कळवावे.