मदत हवी आहे: अमेरिकेत मालवाहू आणि प्रवासी विमानांच्या वैमानिकांच्या वेतनाची तुलना कशी करावी?

नमस्कार,

माझी मुलगी अमेरिकेत एका प्रादेशिक विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) असून एम्ब्रेयर 175 चालवते. ती 29 वर्षांची आहे. सध्या तिच्यापुढे दोन पर्याय आहेत: एका मोठ्या प्रवासी कंपनीत बोइंग 737 वर फर्स्ट ऑफिसर म्हणून रुजू होणे, किंवा इतरांचा माल कंत्राटावर वाहून नेणाऱ्या एका कंपनीत थेट बोइंग 767 वर जाणे. निर्णय तीच घेईल. मात्र पैशांचा हिशेब तपासून पाहण्याचे काम तिने आम्हा आईवडिलांवर सोपवले आहे आणि तिथेच आमची गाडी अडली आहे. या क्षेत्रातील कोणी जाणकार येथे असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

आम्हाला जे समजले आहे ते आधी मांडते, म्हणजे समज चुकीचा असेल तर तो दुरुस्त करता येईल. वेतन तासावर ठरते आणि तास मोजला जातो तो विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी पोहोचून उभे राहीपर्यंत. उड्डाणे कमी झाली तरी महिन्याला ठरावीक तासांचे पैसे मिळतातच, त्याला गॅरंटी म्हणतात. तासाचा दर पद आणि नोकरीची वर्षे यांवर ठरतो आणि मोठ्या प्रवासी कंपन्यांत विमानाच्या आकाराप्रमाणेही बदलतो. यूपीएस या पार्सल वाहणाऱ्या कंपनीत मात्र विमान कोणतेही असले तरी त्याच पदाला आणि तितक्याच वर्षांच्या नोकरीला दर सारखा असतो, तर फेडेक्स या तशाच दुसऱ्या कंपनीत 757 चा दर वेगळा आणि 767 किंवा 777 यांसारख्या रुंद धडाच्या विमानांचा वेगळा.

माल वाहणाऱ्या वैमानिकाला पगार कमीच असणार, असे आमच्या नात्यागोत्यात सगळे गृहीत धरून चालतात. प्रत्यक्षात फेडेक्स आणि यूपीएस या दोन कंपन्या बरीच वर्षे अमेरिकेतील सर्वाधिक वेतन देणाऱ्या कंपन्यांत गणल्या जात होत्या, असे आम्हाला आढळले. मग 2023 मध्ये चित्र बदलले. डेल्टा या मोठ्या प्रवासी कंपनीच्या वैमानिकांनी त्या वर्षीच्या मार्च महिन्यात चार वर्षांत मिळून 34 टक्के वाढ देणारा करार मंजूर केला आणि वर्ष संपण्याआधी अमेरिकन आणि युनायटेड या प्रवासी कंपन्यांचेही मोठे करार झाले. याउलट फेडेक्सच्या वैमानिकांनी जुलै 2023 मध्ये आपल्यापुढे आलेला करार 57 टक्के मतांनी फेटाळला.

सरासरीचे आकडे आमच्या फारसे कामी आले नाहीत. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाने मे 2023 साठी दिलेला 2,19,140 डॉलर हा मध्यांक कॅप्टन, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर या सर्वांचा मिळून आहे, त्यावरून 29 वर्षांच्या सहवैमानिकाने काय ठरवावे?

तेव्हा माझे प्रश्न असे. पहिल्या वर्षाचा दर समोर ठेवून तुलना करणे योग्य आहे का, आणि नसेल तर काय समोर ठेवावे? आधी कंत्राटी मालवाहू कंपनीत रुंद विमानाचा अनुभव घ्यावा आणि मग मोठ्या कंपनीकडे वळावे, हा तिच्या मनातील मार्ग आर्थिकदृष्ट्या शहाणपणाचा आहे का? आणि रात्रीच्या कामाची किंमत या हिशेबात कशी धरावी? या तिसऱ्या प्रश्नाने मला सर्वांत जास्त घोर लावला आहे.

प्रतिसाद

ताई, मी स्वतः अमेरिकेत मालवाहू विमान चालवतो, त्यामुळे माझा कल त्या बाजूला असणे स्वाभाविक आहे. तो बाजूला ठेवून लिहिण्याचा प्रयत्न करतो.

सर्वप्रथम, ‘मालवाहू’ हा एकच गट समजू नका. फेडेक्स आणि यूपीएस यांची स्वतःची पार्सले, स्वतःची विमाने आणि स्वतःचे वैमानिक आहेत. अ‍ॅमेझॉनच्या नावाची विमाने मात्र एटीआय, सन कंट्री अशा इतर कंपन्यांचे वैमानिक चालवतात. कंत्राटी कंपन्यांचा दर पहिल्या दोघांच्या बराच खाली असतो, आणि ज्या ग्राहकाचा माल आहे त्याने कंत्राट हलवले की वैमानिकांचे कामही हलते. हा धोका मोठ्यांनाही चुकत नाही: अमेरिकी टपाल खात्याचे काम सप्टेंबर 2024 अखेर फेडेक्सकडून गेले आणि यूपीएसकडे आले. त्याच्या आदल्या वर्षीच फेडेक्सने आपल्या वैमानिकांना पीएसए या प्रादेशिक कंपनीतील संधींचा विचार करण्यास सुचवले होते. मात्र 2020 मध्ये नेमके उलटे घडले होते. प्रवासी विमाने ओळीने उभी होती, प्रवासी कंपन्यांच्या वैमानिकांच्या हाती सक्तीच्या बिनपगारी रजेची पत्रे पडत होती आणि मालवाहू विमानांना क्षणाची उसंत नव्हती.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी. दराशेजारी गॅरंटी लिहा, आणि ती किती दिवसांची आहे हे आवर्जून पाहा. समजा दोन्हीकडे दर तासाला 200 डॉलर आणि गॅरंटी 75 तासांची आहे. एकीकडे ती महिन्याला असेल तर वर्षाचे 1,80,000 डॉलर होतात. दुसरीकडे 28 दिवसांच्या कालखंडाला असेल तर वर्षात तेरा कालखंड बसतात आणि तोच आकडा 1,95,000 वर जातो. दराच्या तक्त्यात हा फरक दिसत नाही.

त्यानंतर निवृत्तीचे पैसे पाहा. युनायटेडची जुनी निवृत्तिवेतन योजना 2005 मध्ये आणि डेल्टाच्या वैमानिकांची 2006 मध्ये बंद पडली. आता कंपनी वेतनाच्या ठरावीक टक्के रक्कम खात्यात भरते, डेल्टात 2024 मध्ये ती 17 टक्के होती. फेडेक्सच्या 2015 च्या करारात 25 वर्षांच्या सेवेनंतर वर्षाला कमाल 1,30,000 डॉलर निवृत्तिवेतनाची तरतूद होती, पण ही मर्यादा फार जुनी आहे आणि दरम्यान महागाईने तिचे मोल कमी केले आहे. डेल्टात नफ्यातील वाटाही मिळतो आणि चांगल्या वर्षी तो भरघोस असतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: मोठ्या प्रवासी कंपनीचे पत्र खरोखर हातात असेल, तर रुंद विमानाच्या मोहाने ते सोडू नये. येथे सगळे सिनियॉरिटीवर, म्हणजे कंपनीत रुजू झाल्याच्या क्रमावर चालते. कोणता बेस (ड्यूटी जेथून सुरू होते ते ठिकाण), कोणते विमान, कोणत्या सुट्ट्या, कॅप्टन कधी, हे सर्व यादीतील क्रमांक ठरवतो, आणि कंपनी बदलली की अनुभव कितीही असो, नाव यादीच्या तळाशी जाते. निवृत्तीचे वय 65 आहे, म्हणजे आपल्या मुलीपुढे 36 वर्षे आहेत. आज गमावलेली दोन वर्षे सहवैमानिकाच्या कमी दराची नसतात. ती कारकिर्दीच्या शेवटच्या टोकाकडून, ज्येष्ठ कॅप्टनच्या दराने वजा होतात. शिवाय दोन वर्षांनी भरती चालू असेलच असे नाही.

रात्रीविषयी. फेडेक्सच्या मेम्फिस किंवा यूपीएसच्या लुईव्हिल येथील हबला, म्हणजे मुख्य केंद्राला, विमाने मध्यरात्रीच्या आगेमागे चहूकडून येतात, पार्सलांची वर्गवारी होते आणि पहाटे ती पुन्हा निघतात. अशीच मांडणी आपल्या नागपूरला 1949 पासून रात्रीच्या हवाई टपालासाठी होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमाने मध्यरात्री तेथे येऊन टपालाच्या पिशव्या बदलत. मधल्या दोन-तीन तासांत आम्ही हबमधल्या छोट्या, अंधाऱ्या खोल्यांत पडतो. डोळा लागतो तोच फोन वाजतो आणि पुन्हा विमान गाठावे लागते. 2009 मध्ये बफेलोजवळ झालेल्या कोल्गन या प्रवासी कंपनीच्या विमानाच्या अपघातानंतर विश्रांतीचे जे कडक नियम जानेवारी 2014 पासून लागू झाले, त्यांतून मालवाहू कंपन्यांना वगळण्यात आले. प्रवासी वैमानिकाला ड्यूटीपूर्वी किमान 10 तासांची विश्रांती कायद्यानेच मिळते. आम्हाला ती युनियनच्या कराराने मिळवावी लागते. म्हणून कराराचे विश्रांतीचे प्रकरण वेतनाच्या प्रकरणाइतक्याच बारकाईने वाचावे. काहींना ही रात्र मानवते, काहींना दहा वर्षांनीही मानवत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपण इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. 28 दिवसांचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. कालच पत्र पुन्हा काढून पाहिले, तर मालवाहू कंपनीची गॅरंटी महिन्याची आहे आणि तासही 75 पेक्षा कमी आहेत. एक गोष्ट मात्र अजून उलगडली नाही. त्या कंपनीने घराजवळच्या विमानतळापासून ड्यूटीच्या ठिकाणापर्यंतचे तिकीट देण्याचे मान्य केले आहे. प्रवासी कंपनीत मात्र तिला सुरुवातीला रिझर्व्हवर (बोलावतील तेव्हा कामावर जाण्यास तयार) राहून न्यूयॉर्कच्या बेसपर्यंत स्वखर्चाने जावे लागेल आणि तेथे भाड्याने खोली घ्यावी लागेल. न्यूयॉर्कला रिझर्व्हवर असलेल्या सहवैमानिकांना राहण्याजाण्याचा महिन्याला साधारण किती खर्च येतो आणि घराजवळचा बेस मिळेपर्यंत किती काळ थांबावे लागते, हे अनुभवातून कोणी सांगू शकेल का?