व्हॅलेटा: दीड तासाची क्रूझ घ्यावी, की साधी फेरीबोट आणि दायसा होडी?

(चार जणांची चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तटबंदी

माल्टाला जाणारे बरेच जण राजधानी व्हॅलेटासमोरच्या स्लीमाच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या दीड तासाच्या क्रूझचं तिकीट काढतात. बोट व्हॅलेटाच्या दोन्ही अंगांची बंदरं फिरवून आणते: वायव्येचं मार्सामशेट आणि आग्नेयेचं ग्रँड हार्बर. माझं स्पष्ट मत आहे की ज्याचे गुडघे धड आहेत त्याने हे तिकीट काढू नये. बोट मधल्या पाण्यातून जाते, उतरायला कुठे मिळत नाही. भोंग्यावर एकामागून एक भाषांत माहिती चालते आणि आपल्याला कळणारं वाक्य येईपर्यंत तो बुरूज मागे पडलेला असतो.

त्याऐवजी स्लीमाहून साध्या फेरीबोटीने दहा मिनिटांत व्हॅलेटा गाठा. जिने चढून रिपब्लिक स्ट्रीट ओलांडा आणि बाराच्या आत अप्पर बराक्का बागेत पोचा. बागेखालच्या सॅल्युटिंग बॅटरीवर बरोबर बाराला तोफ उडते. तिथल्याच लिफ्टने ५८ मीटर खाली उतरलं की लास्कारिसचा धक्का जवळ आहे. तिथून दायसा, म्हणजे दोन्ही टोकं उंच असलेली रंगीत पारंपरिक होडी, करून ग्रँड हार्बरच्या पलीकडच्या काठावरच्या बिर्गू गावाला जा. सेंट अँजेलो किल्ल्याच्या चिऱ्यांचे सांधे दिसतील इतक्या जवळून होडी जाते. शेजारच्या सेंग्लिया गावाच्या टोकाचा टेहळणी मनोराही नीट बघता येतो. त्यावर डोळा आणि कान कोरलेले आहेत, पहारेकऱ्याने काय करायचं ते दगडातच सांगितलंय. भाडं बसण्याआधी ठरवा आणि ते माणशी आहे की होडीचं, हेही विचारा.

खारावारा

ठाम असहमत. तुमच्या मार्गात व्हॅलेटाच्या समुद्राकडच्या टोकावरचा किल्ला, म्हणजे सेंट एल्मोचं टोक, बाहेरच्या अंगाने दिसतच नाही. रिकासोली, टिन्ये आणि मॅनोएल हे किल्लेही नुसते लांबून. मग तटबंदीचं शहर पाहिलं असं कसं म्हणायचं?

हे शहर समुद्राकडे तोंड करून बांधलंय. १५६५ मध्ये तुर्कांनी माल्टाला वेढा घातला. त्यांनी एल्मो घेतला आणि मार्सामशेट त्यांच्या ताब्यात आलं, पण ग्रँड हार्बरच्या तोंडावर सेंट अँजेलोच्या तोफा होत्या. म्हणून त्यांनी होड्या दोन बंदरांच्या मधल्या डोंगराच्या मानेवरून ओढत नेऊन पलीकडे ग्रँड हार्बरच्या आतल्या टोकाला, मार्साला, पाण्यात सोडल्या आणि जुलैमध्ये सेंग्लियावर हल्ला केला. जनिसरींनी, म्हणजे सुलतानाच्या निवडक सैनिकांनी, भरलेल्या होड्या टोकाकडे आल्या, तेव्हा सेंट अँजेलोच्या पायथ्याशी पाण्यालगत लपवलेल्या तोफांनी त्यातल्या बहुतेक बुडवल्या. तोफा उंचावर असत्या तर गोळा वरून खाली येऊन एखादीच होडी फोडता. पाण्यालगतच्या माऱ्यात रांगच्या रांग सापडली. पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ ला, त्या मधल्या डोंगरावर व्हॅलेटाचा पाया घातला गेला. दोन्ही बंदरं एका फेरीत पाहिली तरच डोंगर मोकळा ठेवणं का परवडणारं नव्हतं, हे कळतं.

मालवणहून सिंधुदुर्गाला होडीने जाताना महादरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. ते नकाशावर बघून कोणाला समजतं का? इथेही तसंच आहे.

सुकाणू

दोघांनीही वाऱ्याचं नाव काढलं नाही. दोन्ही बंदरांची तोंडं ईशान्येला उघडतात आणि ग्रिगाल हा वारा ईशान्येचाच, मुख्यतः हिवाळ्यातला. ग्रँड हार्बरच्या तोंडावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाटरोधक बांध घातला तो त्याच्यासाठीच. एका बंदरातून दुसऱ्यात जायला बोट एल्मोच्या टोकाला वळसा घालते. तो तुकडा उघड्या समुद्रातला आहे. ग्रिगाल असला की क्रूझ रद्द होते किंवा एकाच बंदरात फिरते, आणि वारा पडल्यावरही लाट लगेच बसत नाही. म्हणून तिकिटाआधी एकच प्रश्न विचारा: आज एल्मोला वळसा घालणार का? नाही म्हणाले तर तटबंदी यांचा मार्ग धरा.

जागा घ्यायची ती उजव्या हाताची. बोटी आपल्या उजव्या काठाने चालतात, त्यामुळे ग्रँड हार्बरमध्ये शिरताना व्हॅलेटा उजवीकडे आणि बाहेर पडताना रिकासोलीही उजवीकडेच. वेळ सकाळची. ग्रँड हार्बरकडचे तट आग्नेयेला तोंड करून आहेत, सकाळच्या उन्हात तो पिवळा चुनखडक अक्षरशः पेटतो. दुपारनंतर तीच बाजू सावलीत जाते आणि फोटोत नुसती काळी कड येते. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. अशांनी बसायचं खाली, मधोमध.

तटबंदी

वाऱ्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. वेढ्याचाही मान्य, पण तो इतिहास आधी वाचून गेलात तरच. न वाचता गेलेल्याला दीड तासात एकसारख्या पिवळ्या भिंती दिसतात. बराक्काच्या कठड्याला उभं राहून सेंट अँजेलो, सेंग्लिया आणि मधली खाडी एका नजरेत लावून घ्या, मग पाण्यावर उतरा. हा क्रम मी सोडणार नाही.

दीपमाळ

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी मात्र या क्रमाच्या नादी लागू नये. मार्सामशेटच्या धक्क्यावरून शहरात यायचं तर खडी चढण आहे, लिफ्ट आहे ती दुसऱ्या अंगाला. शिवाय पायऱ्यांचा चुनखडक घासून गुळगुळीत झालाय, पाऊस पडून गेल्यावर सरळ पाय सटकतो. दायसाची कड पाण्यापासून फार उंच नसते. शेजारून मोठी फेरी गेली की नावाडी लाट तिरकी घेतो तेव्हा होडी चांगलीच कलते, आणि चढता-उतरताना धक्का आणि होडी यांच्यात फट वाढत-कमी होत असते. सत्तरीतल्या माणसाला हे जमेलच असं धरून चालू नका.

त्यांच्यासाठी क्रूझच बरी, वाऱ्याची चौकशी करून. शहर दुसऱ्या दिवशी ठेवा: स्लीमाहून बसने थेट वेशीपर्यंत, तिथून बराक्का फारसं लांब नाही आणि वाट बरीचशी सपाट आहे. पलीकडे जायचंच असेल तर लिफ्टने उतरून लास्कारिसहून पलीकडच्या बोर्म्ला गावाची मोठी फेरीबोट घ्या. परततानाही तीच फेरी आणि तीच लिफ्ट. शेवटच्या फेरीची वेळ मात्र जातानाच बघून ठेवा, ती ऋतूप्रमाणे बदलते.