शब्दचर्चा : प्रकाशझोतात ‘आलेले’ कुटुंब की ‘सापडलेले’?

प्रश्न : निरीक्षणात्मक माहितीपटांवरील (म्हणजे हस्तक्षेप न करता, घडते तसे टिपणाऱ्या माहितीपटांवरील) एक लेख तपासताना ‘अचानक प्रकाशझोतात आलेली कुटुंबे’ असा शब्दप्रयोग आढळला. ज्यांनी प्रसिद्धी मागितलीच नव्हती, त्यांच्याबाबत ‘आलेली’ योग्य ठरेल का? त्याऐवजी ‘चव्हाट्यावर आलेली’ चालेल का?

उत्तर : ‘आलेली’ मलाही खटकते. नट किंवा खेळाडू प्रकाशझोतात येतो, कारण तिथवर पोहोचण्यासाठी त्याने खटपट केलेली असते. ‘सापडणे’ या क्रियापदात अशी खटपट नाही. माणूस पेचात सापडतो, कचाट्यात सापडतो. १९६३ मध्ये अमेरिकेतील दक्षिण डकोटा राज्यातल्या ॲबरडीन येथे एका दांपत्याला एकाच वेळी पाच अपत्ये झाली, तेव्हा भेटवस्तू, वार्ताहर आणि गावाने आखलेले समारंभ यांनी ते घर वेढले गेले. रिचर्ड लीकॉक आणि जॉइस चोप्रा यांच्या ‘अ हॅपी मदर्स डे’ या माहितीपटात गावातील प्रतिष्ठित मंडळी उत्साहाने सत्कार करत असताना कॅमेरा अवघडून बसलेल्या आईकडे वळतो. ते कुटुंब झोतात सापडले, असेच म्हणावे लागेल.

‘चव्हाट्यावर येणे’ मात्र निराळे. त्यात घराला झाकून ठेवावीशी वाटणारी गोष्ट उघडी पडते, म्हणून अपत्यजन्माला तो प्रयोग लावणे विपरीत होईल. १९७३ च्या ‘ॲन अमेरिकन फॅमिली’ या बारा भागांच्या अमेरिकी दूरचित्रवाणी माहितीपट-मालिकेला तो लागू पडतो, कारण कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील त्या घराचे चित्रण चालू असतानाच पती-पत्नीचे नाते तुटले आणि पत्नीने पतीला घर सोडण्यास सांगितल्याचा प्रसंगही प्रेक्षकांसमोर आला.

शंका : परंतु ‘ॲन अमेरिकन फॅमिली’तील कुटुंबाने चित्रीकरणाला संमती दिली होती. मग ‘सापडले’ म्हणणे त्यांच्याबाबतीत अतिरेकी होत नाही का?

उत्तर : संमती चित्रीकरणाला होती, पुढे काय दिसेल, हे त्यांच्या हाती नव्हते. सुमारे ३०० तासांच्या चित्रणातून जेमतेम १२ तास निवडले गेले आणि प्रक्षेपणानंतर त्या निवडीबद्दल कुटुंबाने जाहीर नाराजी व्यक्त केली. तेव्हा ‘संमती देऊनही झोतात सापडलेले’ असे लिहिण्यास मला अडचण दिसत नाही. ‘झोतात ओढले गेलेले’ हा पर्याय मी टाळेन, कारण तो सगळा दोष दिग्दर्शकाच्या माथी मारतो.

जाता जाता : निरीक्षणात्मक माहितीपटांच्या या शैलीसाठी काही जण ‘फ्लाय ऑन द वॉल’ या इंग्रजी प्रयोगाचे शब्दशः भाषांतर करून ‘भिंतीवरची माशी’ लिहितात. मराठीत माशी शिंकते ती काम बिघडवण्यासाठी, आणि भिंतीला असतात ते कान. त्यामुळे वाचक भलतीकडेच जातो. ‘मूक साक्षीदार’ही नको, कारण संकलनाच्या टेबलावर तो मूक राहत नाही. ‘हस्तक्षेप न करता केलेले चित्रण’ हे लांबलचक असले तरी चुकीचे नाही.