हिरड्याचा अर्क: झोन येतो, पण नुसत्या डीएमएसओलाही येतो

प्रश्न (पेट्रीप्लेट):
बाळहिरड्याची पूड दहापट मेथॅनॉलमध्ये ४८ तास भिजवून, गाळून, सुकवून अर्क काढला. तो शुद्ध डीएमएसओमध्ये (अर्क विरघळवायचा द्रावक) १०० मिग्रॅ प्रति मिलि असा विरघळवला. म्युलर-हिंटन अगारवर (जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) ६ मिमीच्या वेलमध्ये (खड्ड्यात) १०० मायक्रोलिटर टाकले. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवर १९ मिमीचा झोन (वाढ न झालेलं वर्तुळ) आला, ई. कोलायवर काहीच नाही. नुसत्या डीएमएसओभोवतीही ९ मिमी दिसतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाची ५ मायक्रोग्रॅमची चकती २६ मिमी देते. अहवालात ‘प्रतिजैविकाला स्वस्त पर्याय’ असं लिहिता येईल का?

उत्तर १ (अगारवाला):
नाही. तुमच्या एका वेलमध्ये १० मिग्रॅ अर्क आहे, चकतीतल्या औषधाच्या २००० पट. शिवाय झोनचा आकार रेणू अगारमध्ये किती पसरतो यावरही ठरतो, आणि टॅनिनचे (हिरड्यातली तुरट पॉलिफिनॉल द्रव्यं) मोठे रेणू नीट पसरत नाहीत. त्यामुळे १९ आणि २६ यांची तुलनाच होत नाही.

एमआयसी (वाढ थांबवणारी किमान मात्रा) काढा. तुमचा डीएमएसओमधला साठा ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात) ५० पट पातळ करा: २ मिग्रॅ प्रति मिलि, डीएमएसओ २ टक्के. ९६ वेलच्या प्लेटमध्ये पहिल्या वेलला हे २०० मायक्रोलिटर, पुढच्या नऊ वेलना १०० मायक्रोलिटर ब्रॉथ. दर वेलमधून १०० पुढे नेत जा, दहाव्यातले शेवटचे १०० टाकून द्या. मग ०.५ मॅकफारलंडचं (गढूळपणावरून जिवाणूंची संख्या ठरवायचं प्रमाण) कल्चर ब्रॉथमध्ये १५० पट पातळ करून दहाही वेलमध्ये १००-१०० घाला. सर्वाधिक मात्रा १००० मायक्रोग्रॅम प्रति मिलि होते आणि डीएमएसओ १ टक्क्यावर येतो. डीएमएसओचा स्वतःचा परिणाम कळावा म्हणून अकराव्यात १ टक्का डीएमएसओ आणि जिवाणू, बारावा निर्जंतुक (नुसता ब्रॉथ). ३५ अंशांवर १६ ते २० तास.

उत्तर २ (काढा_आणि_कल्चर):
हिरड्याच्या बाबतीत खरी गडबड पुढे होते. टॅनिन ब्रॉथमधल्या प्रथिनांना धरून साका (न विरघळणारा गाळ) करतं आणि वेल गढूळ दिसते. विद्यार्थी त्याला वाढ समजतात. म्हणून ०.०१५ टक्के रेसाझुरिन (जिवंत जिवाणू असतील तर रंग बदलणारं रंगद्रव्य), प्रत्येकी ३० मायक्रोलिटर, आणि २ ते ४ तास थांबा. निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर आहे.

पण पॉलिफिनॉल स्वतःच रेसाझुरिनचं क्षपण करून त्याला गुलाबी करू शकतात, तेव्हा जिवाणूंविना फक्त अर्काची एक रांग हवीच. ती गुलाबी झाली तर रंगावर विसंबू नका, प्रत्येक वेलमधले १० मायक्रोलिटर अगारवर टाकून वसाहती पाहा. पीएचही मोजा. हिरड्याचा अर्क आम्लधर्मी असतो, ब्रॉथ ७.३ च्या आसपास. तो ५ वर घसरला असेल तर तुम्ही आम्लाचाच परिणाम मोजताय. ई. कोलायवर काही न दिसणं अपेक्षितच, त्याचं बाह्य आवरण बरंच काही आत जाऊ देत नाही.

प्रश्नकर्ता:
किती एमआयसी आली तर दखल घेण्याजोगी?

उत्तर ३ (अगारवाला):
कच्च्या अर्कासाठी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिच्या खाली आली तर पुढे जाण्यात अर्थ आहे. १००० च्या वर असेल तर सोडून द्या. तरीही ‘पर्याय’ म्हणू नका. टॅनिन आतड्यातून रक्तात फारसं शोषलं जात नाही, म्हणून जखम धुणं किंवा गुळण्या एवढाच वापर विचारात घ्यावा, तोही पेशींवरची विषारिता तपासून. ‘स्वस्त’ हा शब्दही तोलूनच वापरा: जुन्नर-आंबेगावकडचा हिरडा महाग नाही, पण प्रत्येक लॉटमधलं गॅलिक आम्ल एचपीटीएलसीवर (अर्कातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत) मोजून माल सारखा ठेवायचा खर्च त्यात धरावा लागतो. आणि पुढच्या लॉटआधी नमुना पुण्याच्या आघारकर संस्थेत ओळख पटवायला द्या, बाजारात बेहड्याची भेसळ असू शकते.