मदत हवी आहे: सुपर लीगच्या लीग लीडर्स शील्डची यादी

मराठी विकिपीडियासाठी रग्बी लीग या खेळाच्या इंग्लंडमधल्या सुपर लीग स्पर्धेतल्या लीग लीडर्स शील्डवर लेख लिहितोय. साखळी सामन्यांत अव्वल राहणाऱ्या क्लबला ही ढाल मिळते. 2023 मध्ये विगन, कॅटलान्स आणि सेंट हेलेन्स तिघांचे 40 गुण होते, तरी गुणफरकावर (सामन्यांत केलेले गुण वजा प्रतिस्पर्ध्यांनी केलेले गुण) ती विगनला मिळाली. इतकी चुरस, म्हणून यादी अचूकच हवी.

अडचण अशी: विजेतेपद 1998 पासून ग्रँड फायनलवर, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या अंतिम सामन्यावर ठरतं, ढाल मात्र 2003 पासून आहे. क्लबांची पानं आणि जुने गुणतक्ते पाहिले. त्यातून अव्वल कोण ते कळतं, करंडकाचं नाही. ऑस्ट्रेलियातली अशीच गिल्टिनन शील्ड वेगळी, ती नकोय.

1998 ते 2002 दरम्यान अव्वल क्लबला प्रत्यक्ष करंडक दिला जायचा का, आणि त्याला छापील पुरावा कुठे मिळेल?